वासि या शब्दाचा अर्धा अर्थ

बंगळुरात स्वच्छ संडास कुठे कुठे आहेत, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. यशवंतपूरच्या मेट्रो स्टेशनात एक आहे. जयनगरच्या बाजारात एका साड्यांच्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर आहे, पण तिथवर पोचायला साड्या बघायचं नाटक करावं लागतं, आणि त्या नाटकापायी माझ्या कपाटात दोन इरकली साड्या येऊन पडल्या आहेत. माझं ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये. तिथे दर दहा पावलांवर कॉफीचं दुकान. कॉफी माझ्या पोटाला चालत नाही. मागवायची, टेबलावर ठेवायची, आत जाऊन यायचं आणि थंडगार झालेली कॉफी तशीच सोडून निघायचं. तिथल्या पोरींना मी विक्षिप्त बाई वाटत असणार. वाटू दे.

माझ्या मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण होतात, त्यातून रक्त जातं. या दुखण्याचं डॉक्टरी नाव लांबलचक आहे; मी दहा वर्षं त्याला नुसतं ‘माझं पोट’ म्हणते. हे दुखणं कायमचं जात नाही. ते झोपतं, आणि झोपलेलं राहावं म्हणून रोज चार गोळ्या घ्यायच्या असतात, खारकेच्या बियांएवढ्या. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पोट शांत असलं तरी घ्यायच्या, कारण ते गोळ्यांमुळेच शांत असतं. हे मला कळत नव्हतं असं मुळीच नाही. माझा धंदाच दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचा आहे. कुणी एक पायरी गाळली की पुढे काय काय कोसळतं, हे मी दिवसभर पगार घेऊन लोकांना सांगत असते.

पण दोन वर्षं काहीच झालं नाही की वाटायला लागतं, आपण उगाच गिळतोय. मी चारांच्या तीन केल्या. काही झालं नाही. तीनच्या दोन केल्या. तरी काही नाही. मग सकाळच्या घाईत राहून जायला लागल्या, आणि मग आठवेल तेव्हा. आठवण रोज व्हायची, खोटं कशाला बोलू. गोळ्यांचं पाकीट समोर दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं. एक दिवस तरी मला आजारी नसलेली बाई म्हणून घराबाहेर पडू दे, असं वाटायचं, आणि मी पाकीट उचलून डब्यामागे ढकलायचे.

पोटाचे डॉक्टर दर तीन महिन्यांनी विचारायचे, “गोळ्या चालू आहेत ना?” मी म्हणायचे, हो. हो म्हणायला काही गिळावं लागत नाही. अण्णाही विचारायचे. त्यांनाही हो.

अण्णा म्हणजे माझे वडील. या गावात सगळेच सगळ्यांना अण्णा म्हणतात, रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला, कंडक्टरला. रस्त्यात मी “अण्णा, थांबा!” म्हणून ओरडले की दोन रिक्षा थांबतात आणि माझे वडील तेवढे पुढे चालत राहतात. ते बाविसाव्या वर्षी मिरजेकडून इथे आले. एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं त्यांनी केसाएवढ्या फरकाची मापं घेतली. आई सहा वर्षांपूर्वी गेली. मी एक लग्न आटपून परत आलेली, त्याबद्दल इथे काही सांगायचं नाही. यशवंतपुरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात आम्ही दोघंच राहतो.

साखरेनं त्यांचे डोळे धरले. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज येते, तिथे पाणी साचतं, आणि अगदी मधलं, समोरचं दिसणं धूसर होत जातं. उजवा डोळा आम्हाला काही कळायच्या आत गेला. त्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. राहिला डावा. त्या डाव्या डोळ्यात दर सव्वा महिन्यानं इंजेक्शन. हो, डोळ्यातच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही दोनदा विचारून घेतलं होतं. इंजेक्शनानं पाणी ओसरतं, काही आठवडे बरं जातं, मग पुन्हा साचायला लागतं. त्याच्या आत पुढचं द्यायचं. आहे तेवढं टिकवायचं, एवढाच त्याचा उद्देश.

अण्णांनाही त्या डोळ्याकडून फार काही नको होतं. बसच्या पाट्या वाचता याव्यात, बस. “पाटी दिसतेय तोवर मी कुणाचा मिंधा नाही,” असं ते म्हणायचे. सकाळी नाश्ता झाला की छत्री घेऊन निघायचे. मल्लेश्वरम, मॅजेस्टिक, जयनगर, कुठेही. काम काहीच नसायचं. एखाद्या बाजारातून अर्धा किलो अवरेकाळू, म्हणजे इकडचे पावटे, घेऊन यायचे आणि कुठली बस कुठे बदलली ते मला जेवताना सविस्तर सांगायचे. मला ते ऐकायला अजिबात सवड नसायची. मी पानावर बसूनही फोनवर बोटं चालवत असायचे.

इंजेक्शनाला मात्र ते घाबरत. आदल्या दिवसापासून गप्प व्हायचे, आणि सकाळी चपला घालताना दर वेळी तेच, “या खेपेला राहू दे का? बरं दिसतंय मला.”

“बरं दिसतंय म्हणून बंद करायचं नसतं, अण्णा. बरं दिसतंय ते त्या इंजेक्शनामुळेच.”

हे वाक्य माझ्या पोटाच्या डॉक्टरांचं. शब्दन् शब्द. मी ते इतक्या जोरात म्हणायचे की शेजारच्या अक्का दार उघडून बघायच्या. फ्रिजवर मी त्यांच्या तारखांचा कागद लावला होता, लाल पेनानं गोल केलेला. त्यांच्या डोळ्याबाबत मी डोळ्यांत तेल घालून होते. स्वतःच्या पाकिटावर तेव्हा डब्यामागे धूळ बसत होती.

अण्णांच्या दवाखान्याचा एक नियम होता. ज्याला एकच डोळा आहे, त्यानं एकट्यानं यायचं नाही. इंजेक्शनानंतर तासभर त्या डोळ्यावर पट्टी असते. तेवढा वेळ माणूस ठार आंधळा. सोबत कुणीतरी हवंच. ते कुणीतरी म्हणजे मी. यशवंतपूर ते जयनगर मेट्रोनं, तिथून रिक्षा, येताना माझ्या दंडाला धरून अण्णा.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका गुरुवारी त्यांची तारीख होती. त्याच्या आठ दिवस आधी माझं पोट जागं झालं. पहिल्या दिवशी वाटलं, बाहेरचं खाल्लं. दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं. गुरुवार उजाडेपर्यंत दिवसाकाठी बारा खेपा होत होत्या, आणि त्या कधी होतील याचा काही भरवसा नव्हता. कळ आली की मोजून दीड मिनिट. मी मेट्रोची स्टेशनं मनात मोजली. यशवंतपूरपासून जयनगरपर्यंत मध्ये किती, दोन स्टेशनांत किती वेळ, दार उघडून जिना चढेपर्यंत किती. कसंही मोजलं तरी जमत नव्हतं. माझ्या पोटात अक्षरशः गोळा आला होता आणि मी संडासाच्या दाराशी उभी राहून नखं खात होते.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. “अण्णा, माझं पोट बिघडलंय, तुम्ही अक्कांबरोबर जा.” एका वाक्याचं काम. अक्का आनंदानं गेल्या असत्या. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता, “गोळ्या घेत होतीस ना?” दोन वर्षं मी त्या माणसाला दरवाज्यात उभं राहून औषधाची शिस्त शिकवली होती. मला ते तोंड दाखवायचं नव्हतं. आमच्या भाषेत गुपित पोटात ठेवतात. माझं पोट त्या लायकीचं राहिलं नव्हतं, तरी मी ठेवलं.

मी बाथरूमचं दार लावून दवाखान्यात फोन केला. काउंटरवरच्या बाईंनी कागद काढून पाहिले आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, “लास्ट स्कॅन मोदलगिंत वासि इदे, मॅडम. आदरे इंजेक्शन बिडबेडि.” आधीपेक्षा बरं आहे, पण इंजेक्शन सोडू नका. पुढच्या मंगळवारी या म्हणाल्या. मी सरी, म्हणजे ठीक, म्हटलं आणि फोन ठेवला.

आता हा ‘वासि’ शब्द. कन्नडमध्ये त्याला दोन अर्थ आहेत. दुखणं वासि झालं म्हणजे पूर्ण बरं झालं, खपली पडून गेली. आणि ‘मोदलगिंत वासि’ म्हणजे आधीपेक्षा जरा बरं, त्यातल्या त्यात. आमच्या घरच्या मराठीत हा शब्द आईनं आणला, शेजारणींकडून, आणि येताना त्यातला पहिला अर्थच तेवढा आणला. “ताप वासि झाला का ग?” असं ती विचारायची, आणि वासि झाला म्हटलं की अंगावरचं पांघरूण काढून शाळेत पाठवायची. घरात वासि म्हणजे संपलं, विषय मिटला. बाहेर कन्नडमध्ये बोलताना आम्ही तिघंही दुसरा अर्थ बरोबर वापरायचो. घरात कधीच नाही.

मी बाहेर आले. अण्णा एक चप्पल घालून बसले होते.

“आज जायचं नाही,” मी मराठीत म्हटलं. “फोन केला होता. स्कॅन वासि आहे म्हणाले.”

शब्द त्या बाईंचाच होता. मी फक्त मागचा आणि पुढचा काढून टाकला.

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पायातली चप्पल काढली, दुसरीशेजारी नीट लावून ठेवली आणि म्हणाले, “तुझ्या आईला सांगायला हवं होतं.” मग फोन घेऊन गॅलरीत गेले आणि कारखान्यातल्या जुन्या मित्राला मोठ्यानं सांगू लागले, डोळा वासि झाला, सुई सुटली. मी पुन्हा बाथरूममध्ये गेले.

मी मंगळवारी नेणार होते. खरंच नेणार होते. मंगळवारपर्यंत खेपा चौदावर गेल्या. पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, तिथेही आधी गोळ्या चालू आहेत म्हटलं, मग त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी रडत सगळं ओकले. त्यांनी स्टेरॉइड लिहून दिलं. ऑफिसला घरून काम करते म्हणून कळवलं. अण्णांना म्हटलं, प्रोजेक्टची घाई आहे, घरीच बसते. ते खूश झाले. माझ्या खोलीबाहेरून जाताना पावलं हळू टाकायचे, कामात व्यत्यय नको म्हणून.

पहिला आठवडा सरला, दुसरा सरला. प्रत्येक सोमवारी मी ठरवायचे की या मंगळवारी न्यायचंच, आणि प्रत्येक मंगळवारी सकाळी पोट उत्तर द्यायचं. चौथ्या आठवड्यात पोट जरा आवरलं, तेव्हा न्यायला हवं होतं. पण मग सांगायचं काय? वासि झालेल्या डोळ्याला सुई कशाला? मी रोज उठून नव्या थापा रचायचे, चहा उकळेपर्यंत त्या मलाच पटेनाशा व्हायच्या. फ्रिजवरचा कागद अण्णांनी स्वतःच काढून टाकला होता. मला एका जागी बसवत नव्हतं. स्टेरॉइडनं झोप उडाली होती, हात थरथरायचे, आणि मी दिवसभर घरात खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत फिरत राहायचे.

स्टेरॉइडनं तोंडही सुजलं. एक दिवस अण्णा जेवता जेवता माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, झालं, आता सापडले.

“तुझा चेहरा मला हल्ली फुगल्यासारखा दिसतो,” ते म्हणाले. “चष्म्याचा नंबर बदलला असेल. एकदा बघायला हवं.”

मी भात पुढे केला. चेहरा खरोखरच फुगला होता, आणि ते दोष आपल्या डोळ्याला देत होते. मी तेव्हाही काही बोलले नाही. हे लिहिताना आजसुद्धा मला स्वतःचा संताप येतो.

नंबर खरंच बदलत होता, फक्त चष्म्याचा नव्हता. चहा कपाच्या कडेवर पडायला लागला. एका दुपारी ते तीन तास उशिरा आले. जयनगरला निघाले होते आणि पोचले भलतीकडेच, उलट्या दिशेला, पीण्या नावाच्या भागाच्याही पुढे. “पाट्या रंगवणारे बदललेत,” म्हणाले. “आकडे कसे वाकडेतिकडे काढतात.” दुसऱ्या दिवशी छत्री घेतली, दाराशी थोडा वेळ उभे राहिले, आणि आज ऊन फार आहे म्हणून परत येऊन बसले. तिसऱ्या दिवशीही ऊन फार होतं.

नऊ आठवडे भरले त्या सकाळी ते सोफ्यावर बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. एकदा मान डावीकडे, एकदा उजवीकडे.

“ही चौकट वाकली का ग?”

मी कांदा चिरत होते. “कुठे?”

“मधे. पोटाशी बाहेर आलीय. वाळवी लागली की काय, सुताराला बोलवू.” ते उठले आणि चौकटीवर हात फिरवला, वरून खालपर्यंत, टूलरूममध्ये फिरवत असतील तसा. हात सरळ खाली आला. त्यांनी पुन्हा फिरवला. मग हात काढून घेतला.

सरळ रेघ वाकडी दिसायला लागली की लगेच या, असं दवाखान्यातल्या भिंतीवर तीन भाषांत लिहिलेलं आहे. मी सुरी खाली ठेवली.

“अण्णा, कपडे करा. दवाखान्यात जायचंय.”

“कशाला? वासि झालंय म्हणालीस ना?”

“वासि झालेलं नाही. मोदलगिंत वासि, असं म्हणाले होते ते. आणि इंजेक्शन सोडू नका असंही म्हणाले होते. ते मी सांगितलं नाही.”

मग मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, भराभरा, मधे कुठे थांबले तर पुढचं येणार नाही म्हणून. गोळ्या सोडल्या ते, रक्त, मेट्रोची स्टेशनं, प्रोजेक्ट, स्टेरॉइड. कांद्यामुळे डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे रडतेय की नाही हे माझं मलाच कळत नव्हतं. अण्णा चौकटीला टेकून ऐकत होते.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“नऊ आठवडे. आजचा धरून दिवस चौसष्ट.”

“इंजेक्शनाचं नाही विचारत मी. रक्त किती दिवस जातंय?”

ते आत जाऊन शर्ट बदलून आले, आणि वरचं बटण खालच्या काजात घातलेलं होतं. मी ते नीट लावायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः चाचपून लावलं. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला मेट्रोत सबंध रस्ताभर वाटत राहिलं.

दवाखान्यात आधी पाटी वाचून घेतात. आता पाटी म्हणजे स्क्रीन आहे. त्यावर ओळींनी इंग्रजी अक्षरं, वर मोठी, खाली बारीक बारीक होत जाणारी. अण्णा पूर्वी पाचवी ओळ वाचायचे. त्या दिवशी दोन वाचल्या आणि तिसरीला थांबले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्कॅन माझ्यासमोर धरला. पडद्याच्या मधोमध फोड आल्यासारखा उंचवटा होता. एवढा खंड कसा पडला, असं त्यांनी विचारलं, आणि मी त्यांनाही सांगितलं. आता सवय झाली होती. ते ओरडले नाहीत. “सुरू करूया,” म्हणाले, “पण गेलेलं सगळं परत येईलच, असं मी म्हणणार नाही.” त्याच दिवशी इंजेक्शन झालं. पट्टी बांधलेले अण्णा माझ्या दंडाला धरून बाहेर आले, आणि यशवंतपूर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मग पुन्हा दर महिन्याला जयनगर. माझ्या चार गोळ्या मी आता अण्णांसमोर घेते. त्यांना पाकीट दिसत नाही, पण चांदी फाटल्याचा आवाज ते मोजतात. सकाळचे दोन झाले की पेपर पुढे ओढतात, जो त्यांना वाचता येत नाही, आणि मोठे मथळे तेवढे पुटपुटतात. पोट पुन्हा झोपलं आहे. छत्री दाराशी टांगलेली असते. बाहेर कुठे जायचं का म्हटलं, तर “तुला काम असेल” म्हणतात. सरकत्या जिन्यावर मी दर वेळी मनात हिशेब मांडायचे, की आज तिसरी ओळ आली, तर महिन्याभरात चौथी, मग पाचवी, आणि मग छत्री, बस, बाजारातले अवरेकाळू, सगळं पूर्वीसारखं. पाणी ओसरत होतं, स्कॅन सुधारत होता. ओळ मात्र दुसरीच्या खाली सरकत नव्हती.

चौथ्या खेपेची गोष्ट. गर्दी होती, आम्ही तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बसून होतो. दार उघडंच होतं. अण्णा मान खाली घालून, डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, पेंगताहेत. मी दोनदा उठून पाणी पिऊन आले, एकदा उगाचच औषधाच्या काउंटरपर्यंत जाऊन आले. नंबर लागला, आत गेलो. तपासणारी मुलगी नेहमीचीच. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

“ओदि, सर,” ती म्हणाली. वाचा.

अण्णांनी पहिली ओळ वाचली, हळूहळू, एकेका अक्षरावर थांबत. दुसरी वाचली. तिनं बटण दाबलं. अण्णांनी श्वास घेतला आणि तिसरी ओळ वाचली, न अडखळता. चौथी वाचली. पाचवी तर अशी घडाघडा वाचली की मी खुर्चीवरून उठलेच. माझा आनंद पोटात मावेना. त्या मुलीला काहीतरी सांगायचं म्हणून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती हात तसाच बटणावर ठेवून अण्णांकडे बघत होती.

मग मी स्क्रीनकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीनंतर तिनं पाटी बदलली होती. आता तिथे इंग्रजी अक्षरं नव्हतीच. सगळे आकडे होते. सात, दोन, नऊ, चार.

“सर,” ती अगदी हळू म्हणाली, “इवत्तु नंबर हाकिद्दीनि.” आज मी आकडे लावलेत.

अण्णांनी मान माझ्या बाजूला वळवली, नेमकी माझ्याकडे नाही, जरा पलीकडे, आणि त्या मुलीला कळू नये म्हणून मराठीत म्हणाले,

“बाहेर बसून ऐकलं ग. आधीचे लोक वाचत होते ते. तिसरीला मी अडलो की तू दर वेळी श्वास धरून बसतेस. आवाज येतो मला. म्हटलं, तुला जरा वासि वाटेल.”

मी खोटं बोलले होते ते स्वतःला वाचवायला, आणि हा माणूस सत्तराव्या वर्षी बाकावर डोळे मिटून अक्षरं पाठ करत होता. मला त्यांच्या पायाशी बसून मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. पण ती मुलगी पेन घेऊन कागदावर काय लिहायचं याची वाट पाहत होती, आणि डॉक्टर पुढचं इंजेक्शन त्या नोंदीवरून ठरवणार होते.

मी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

“एरडे लाइन बरीरि,” मी तिला म्हटलं. दोनच ओळी लिहा. दोनच दिसतात त्यांना.